पांढरे जाणे, पू जाणे : एका लक्षणाचा अर्थ

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात शरीर आणि आरोग्य या विषयावर बोलायला आम्हाला बोलावले होते. अशा विषयावर तोंडी प्रश्न कोणी विचारत नाही, हा नेहमीचा अनुभव. म्हणून आम्ही एक पुठ्ठ्याचा खोका ठेवला आणि नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला सांगितले. काही शिक्षकांनी आपापल्या वर्गातल्या मुलामुलींच्या चिठ्ठ्याही गोळा करून आणल्या होत्या. त्यांतल्या तीन चिठ्ठ्या आम्हाला अजून आठवतात.

पहिली नववीतल्या एका मुलीची होती. 'माझ्या अंगावरून पांढरे जाते. आजी म्हणते, हाडे झिजून त्याचे पाणी होते. हे खरे आहे का?' दुसरी अकरावीतल्या मुलाची. 'झोपेत धातू जातो. भिंतीवरच्या जाहिरातीत याला गुप्तरोग म्हटले आहे. मला तो झाला आहे का?' तिसरी चिठ्ठी एका शिक्षिकेची होती. 'पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मला गोळ्या दिल्या आणि यजमानांनाही घ्यायला सांगितल्या. त्यांना काहीच त्रास नाही. मग मी याचा अर्थ काय घ्यायचा?'

तिन्ही प्रश्न एकाच गोष्टीबद्दल आहेत : जननेंद्रियातून येणारा स्राव. आणि तिन्हींच्या मागे एकच गृहीत आहे, की स्राव म्हणजे रोग आणि तोही लाजिरवाणा. हे गृहीत कुठे बरोबर आहे आणि कुठे चूक, हे आपण या लेखात पाहू. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. स्राव ही एक खूण आहे, निदान नव्हे. खूण असून रोग नसू शकतो, आणि रोग असून खूण नसू शकते. हे एक वाक्य नीट समजले, तर बरीच भीती आणि बरेच नुकसान टळेल.

नेहमीचा स्राव कशाचा असतो?

डोळ्यांत पाणी असते, तोंडात लाळ असते, नाकात शेंबूड असतो. शरीराच्या आतल्या ओल्या अस्तराला ओलावा लागतोच. योनिमार्गही याला अपवाद नाही. त्याच्या भिंतीतून पाझरणारा द्रव, गर्भाशयमुखाच्या ग्रंथींतून येणारा चिकट पदार्थ आणि अस्तरावरून सतत झडणाऱ्या पेशी मिळून हा स्राव होतो. त्यात हाडाचा अंशही नसतो. पाळी सुरू होण्याच्या आधी काही महिने मुलींना तो जाणवू लागतो. पाळीच्या दोन फेऱ्यांच्या मध्यावर, बीज बाहेर पडण्याच्या सुमारास, तो पातळ, पारदर्शक आणि कच्च्या अंड्यातील पांढऱ्या भागासारखा ताणला जाणारा असतो. नंतर तो घट्ट व कमी होतो. गरोदरपणात तो वाढतो. कपड्यावर वाळला की किंचित पिवळसर डाग दिसतो. हे सारे स्वाभाविक आहे.

या स्रावाचा एक गुण विज्ञानाच्या शिक्षकांना विशेष आवडेल. तो आम्ल असतो. वयात आल्यावर स्त्रीसंप्रेरकांमुळे योनीच्या अस्तरातील पेशींमध्ये ग्लायकोजेन साठते. त्यापासून मिळणाऱ्या शर्करांवर लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाचे दही करणाऱ्या जीवाणूंचे हे भाऊबंद. त्यामुळे योनीतील सामू साधारण ३.८ ते ४.५ इतका राहतो, म्हणजे जवळजवळ दह्याइतका. जर्मन वैद्य आल्बर्ट डोडरलाइन याने १८९२ मध्ये या जीवाणूंचे वर्णन केले. बहुतेक रोगजंतूंना असे आम्ल वातावरण मानवत नाही. म्हणजे ज्या पांढऱ्या पाण्याची मुलींना भीती वाटते, ते त्यांच्या संरक्षणाचे साधन आहे. साबणाने किंवा जंतुनाशकाने योनीच्या आत धुण्याची सवय म्हणूनच वाईट. त्याने रोगजंतूंच्या आधी हे पहारेकरीच मरतात. बाहेरची जागा साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते.

वेगळा स्राव

मग 'वेगळा' कधी म्हणायचा? एखादीचा नेहमीचा स्राव जसा असतो त्यात बदल झाला, तर. रंग पिवळा, हिरवट किंवा राखाडी झाला, घाण वास येऊ लागला, खाज किंवा आग होऊ लागली, लघवीला जळजळ होऊ लागली, ओटीपोटात दुखू लागले, ताप आला, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जाऊ लागले, जागेवर फोड किंवा जखम दिसली, तर तपासणी करून घ्यायला हवी. पाळी कायमची गेल्यानंतर लाल किंवा रक्तमिश्रित पाणी जात असेल, तर एक दिवसही थांबू नये. ते कर्करोगाचे लक्षण असू शकते.

पण वेगळा स्रावही प्रत्येक वेळी लैंगिक संबंधातूनच आलेला असतो असे नाही. नेहमी आढळणारी कारणे आपण एकेक करून पाहू.

पहिले कारण म्हणजे जीवाणूंचा बिघडलेला तोल. लॅक्टोबॅसिलस कमी होतात, दुसरे जीवाणू फार वाढतात आणि सामू ४.५ च्या वर जातो. स्राव पातळ, राखाडी असतो आणि त्याला माशांसारखा वास येतो. बाहेरून एखादा रोगजंतू आलाच पाहिजे असे यात नसते. दुसरे कारण कॅन्डिडा नावाची बुरशी. ही बुरशी अनेक निरोगी स्त्रियांच्या शरीरातही थोडी असतेच. प्रतिजैविके घेतल्यावर, गरोदरपणात किंवा मधुमेहात ती माजते. मग फाटलेल्या दुधासारखा गाठीगाठींचा स्राव येतो आणि असह्य खाज सुटते. सामू मात्र बहुधा आम्लच राहतो.

तिसरे कारण ट्रायकोमोनास हा शेपट्या हलवत पोहणारा एकपेशीय जीव. पॅरिसच्या आल्फ्रेद दोने याने १८३६ मध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. याचा स्राव पिवळा-हिरवट आणि कधी फेसाळ असतो. हा लैंगिक संबंधातून पसरतो. पुरुषाला त्याचा बहुधा काहीच त्रास होत नाही, पण तो त्याच्याकडून पुढे जाऊ शकतो. चौथे आणि पाचवे कारण म्हणजे गोनोकोकस आणि क्लॅमिडिया हे जीवाणू. हेही लैंगिक संबंधातूनच पसरतात. स्त्रीमध्ये ते मुख्यतः गर्भाशयमुखाला धरतात आणि तिथून पूमिश्रित स्राव येऊ शकतो.

पुरुषांची गोष्ट याहून सरळ आहे. मूत्रमार्गातून लघवी आणि वीर्य याशिवाय सहसा काही येत नाही. कामोत्तेजनेच्या वेळी येणारा पारदर्शक चिकट थेंब तेवढा स्वाभाविक. त्याखेरीज पू किंवा पांढरट पाणी येत असेल, अंतर्वस्त्रावर डाग पडत असेल आणि लघवीला जळजळ होत असेल, तर तपासणी हवीच. गोनोकोकसचा संसर्ग झाला असेल तर बहुधा दोन ते सात दिवसांत दाट पिवळा पू येतो. आपल्याकडे जुनी माणसे याला परमा म्हणतात. क्लॅमिडियाचा स्राव उशिरा येतो, पातळ असतो आणि अनेकदा येतच नाही.

पुवाने वैद्यांना कसे फसवले

या लक्षणाने मोठमोठ्या वैद्यांनाही चकवले आहे. परम्याचे पाश्चात्त्य नाव गोनोरिया. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'बीजाचे वाहणे'. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन याने ते वापरले, कारण वाहणारा पू म्हणजे वीर्यच आहे अशी समजूत होती. ती चूक होती, पण नाव आजही टिकून आहे.

दुसरी फसगत अधिक महाग पडली. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये वाद होता : परमा आणि उपदंश, म्हणजे सिफिलिस, हे दोन रोग आहेत की एकाच रोगाची दोन रूपे? नामवंत शल्यवैद्य जॉन हंटर याने १७६७ मध्ये प्रयोग केला. परम्याच्या रोग्याचा पू घेऊन त्याने तो लिंगावर टोचला. तो त्याने स्वतःलाच टोचला की दुसऱ्या कोणाला, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. काही दिवसांनी तिथे उपदंशाची जखम झाली. हंटरने निष्कर्ष काढला, की रोग एकच आहे. चूक कुठे झाली? ज्याचा पू घेतला त्या रोग्याला दोन्ही रोग एकदम झालेले असावेत, असे आज मानले जाते. हंटरच्या नावाला मोठे वजन असल्याने ही चूक कित्येक दशके टिकली. अखेर १८३८ मध्ये पॅरिसच्या फिलिप रिकोर याने असंख्य रोग्यांवरील निरीक्षणांतून दोन्ही रोग वेगळे असल्याचे दाखवले. नमुना शुद्ध आहे की नाही हे न पाहता केलेला प्रयोग काय करू शकतो, याचे हे उदाहरण वर्गात सांगण्यासारखे आहे. दवाखान्यातही त्यातून एक नियम आला : एक संसर्ग सापडला म्हणजे दुसरा नाही असे समजू नये. म्हणूनच असा रोगी आला, की उपदंश आणि एचआयव्ही यांसाठी रक्ततपासणीही सुचवली जाते.

१८७९ मध्ये ब्रेस्लाउ शहरात आल्बर्ट नायसर या चोवीस वर्षांच्या डॉक्टरला पुवात जोडीजोडीने असलेले, राजम्याच्या दाण्यांसारखे दिसणारे जीवाणू सापडले. तोच गोनोकोकस. पुढे १८८४ मध्ये डॅनिश वैद्य हान्स क्रिस्टियान ग्राम याने जीवाणू रंगवण्याची पद्धत काढली आणि काम सोपे झाले. पुरुषाच्या पुवाचा थेंब काचपट्टीवर घेऊन रंगवला, तर पांढऱ्या पेशींच्या पोटात या गुलाबी जोड्या थोड्या वेळात दिसतात. स्त्रीच्या बाबतीत मात्र ही युक्ती तितकी उपयोगी पडत नाही. तिथे इतर अनेक जीवाणूंची गर्दी असते, त्यात गोनोकोकस ओळखणे अवघड जाते. सूक्ष्मदर्शकाने पुरुषाचे निदान जितके सोपे केले, तितके स्त्रीचे केले नाही.

खूणच नसते तेव्हा

आता लक्षणाची दुसरी बाजू. क्लॅमिडियाचा संसर्ग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना कसलाच त्रास जाणवत नाही. पुष्कळ पुरुषांनाही जाणवत नाही. गोनोकोकसही स्त्रियांमध्ये अनेकदा मुकाच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास आणि उपदंश या चार बऱ्या होऊ शकणाऱ्या रोगांचे मिळून ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग झाले. हा आकडा १५ ते ४९ वयाच्या लोकांचा आहे. त्यांपैकी बहुतेकांना आपल्याला संसर्ग आहे याचा पत्ताही नसतो.

मुका संसर्ग निरुपद्रवी नसतो. गर्भाशयमुखातून जंतू वर चढतात. गर्भाशयाला आणि बीजनलिकांना सूज येते. सूज उतरल्यावर तिथे व्रण राहतो आणि बारीक नलिका बुजतात किंवा अरुंद होतात. मग मूल राहत नाही, किंवा गर्भ गर्भाशयात न पोहोचता नलिकेतच वाढू लागतो आणि स्त्रीच्या जिवावर बेतते. मूल होत नाही म्हणून ज्या सुनेला घरात बोल लावले जातात, तिच्या बीजनलिका कदाचित कधी न जाणवलेल्या संसर्गाने बुजलेल्या असतात. तो संसर्ग कोणाकडून आला हेही कोणी विचारत नाही. शिवाय सुजलेल्या अस्तरातून एचआयव्ही विषाणूला वाट सोपी होते.

बाळंतपणात हे जंतू बाळाच्या डोळ्यांत जातात. एकोणिसाव्या शतकात युरोपात अंधत्वाचे ते एक मोठे कारण होते. लाइपझिगच्या कार्ल क्रेडे याने नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा थेंब टाकायला सुरुवात केली आणि १८८१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच्या रुग्णालयात सुमारे दहा टक्के बाळांना होणारा हा रोग एक टक्क्याच्याही खाली आला.

आपल्याकडे ही मुकी बाजू उजेडात आणण्याचे श्रेय गडचिरोलीच्या एका अभ्यासाला जाते. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या बायकांपुरते न थांबता त्यांनी गावातल्या बायकांना, त्रास असो वा नसो, तपासले. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, सरासरी एकीला ३.६. त्यांतले निम्मे संसर्गाचे होते. तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के. आणि पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे सगळेच संसर्ग लैंगिक संबंधातून आलेले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. पण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच, अशी जी सरकारी समजूत होती, तिला या आकड्यांनी धक्का दिला.

तक्रार असते, संसर्ग नसतो तेव्हा

गडचिरोलीनंतर काही वर्षांनी गोव्यात झालेल्या एका अभ्यासाने तिसरी बाजू दाखवली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वर्षांच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. त्यात प्रयोगशाळेतील तपासण्यांबरोबरच स्त्रियांच्या मनःस्थितीची आणि घरच्या परिस्थितीचीही विचारपूस केली होती. लैंगिक संबंधातून पसरणारे संसर्ग थोड्याच स्त्रियांत सापडले. त्याहून कितीतरी जास्त होते ते जीवाणूंचा तोल बिघडल्याचे आणि बुरशीचे प्रकार. आणि पांढरे जाण्याची तक्रार कोण करते हे पाहिले, तेव्हा तिचा संबंध संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि खिन्नतेशी अधिक घट्ट असल्याचे दिसले.

याचा अर्थ या बायका खोटे सांगतात असा नाही. स्राव असतोच. पण अंगात थकवा असला, पाठ दुखत असली, घरात जाच असला, की तो जास्त खुपतो आणि साऱ्या दुखण्याचे कारण वाटू लागतो. नवऱ्याच्या दारूबद्दल डॉक्टरांना सांगता येत नाही, 'पांढरे जाते' असे सांगता येते. अशा बाईला प्रतिजैविकांची एकामागून एक पाकिटे देऊन काय होणार? उलट तिच्या थकव्यामागे रक्तक्षय आहे का, हे पाहणे जास्त उपयोगाचे ठरते.

पुरुषांमध्ये याचेच दुसरे रूप दिसते. झोपेत वीर्यपतन होणे किंवा लघवीबरोबर काही पांढरे जाणे याची अनेक तरुणांना विलक्षण धास्ती असते. रक्ताच्या अनेक थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही समजूत तिच्या मुळाशी असते. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये या चिंतेच्या विकाराला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. गेलन पुवाला वीर्य समजला, आपला तरुण वीर्याला पू समजतो. भिंतीवरचे 'गुप्तरोगतज्ज्ञ' याच गोंधळावर पैसे कमावतात.

दवाखान्यात काय घडते

रंग आणि वास यांवरून रोग ओळखता येतो, असे वरील वर्णन वाचून वाटेल. प्रत्यक्षात नुसत्या वर्णनावरून केलेले निदान अनेकदा चुकते. डॉक्टरांनी साधनाने गर्भाशयमुख पाहणे, स्रावाचा सामू मोजणे, एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे यांनी बराच उलगडा होतो. सामूचा कागद आणि सूक्ष्मदर्शक तर आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही असतो. क्लॅमिडिया आणि गोनोकोकससाठी जंतूचे जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी सर्वांत भरवशाची आहे, पण ती सर्वत्र मिळत नाही.

प्रयोगशाळा नसेल तिथे काय करायचे? यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने लक्षणसमूहावर आधारलेली उपचारपद्धती सुचवली. नेमका जंतू कोणता हे न शोधता, त्या लक्षणाला कारण होऊ शकणाऱ्या मुख्य जंतूंवर एकदमच औषध द्यायचे. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने अशा औषधांची रंगांवरून ओळखता येणारी पाकिटेही तयार केली. मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयमुखातून येणाऱ्या स्रावासाठी राखाडी आणि योनिस्रावासाठी हिरवे. पुरुषाच्या मूत्रमार्गातील पुवासाठी ही पद्धत चांगली चालते, कारण तिथे पू म्हणजे बहुधा संसर्गच. स्त्रीच्या पांढऱ्या पाण्यासाठी ती तितकी चालत नाही. एकीकडे संसर्ग नसलेल्या अनेकींना औषध मिळते, दुसरीकडे स्राव नसलेल्या पण संसर्ग असलेल्या निसटून जातात. म्हणूनच २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने शक्य तिथे जनुकीय चाचणीवर भर दिला आहे.

औषधांबद्दल एक इशारा आवश्यक आहे. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले तेव्हा परमा संपला असे वाटले होते. १९७६ मध्ये पेनिसिलिन फोडून टाकणारे गोनोकोकस सापडले. त्यानंतर एकेक औषध असेच निकामी होत गेले आणि आज भरवशाची औषधे अगदी थोडी उरली आहेत. दुकानातून ओळखीवर चार गोळ्या आणून घेणे, बरे वाटले की त्या सोडून देणे, मित्राच्या गोळ्या घेणे, यांतून अशा चिवट जंतूंना उत्तेजन मिळते. पू थांबला म्हणजे जंतू गेले असेही नाही.

आणि जोडीदाराचा उपचार. संसर्ग लैंगिक संबंधातून आलेला असेल, तर एकालाच औषध देऊन उपयोग नसतो. बरी झालेली व्यक्ती दुसऱ्याकडून पुन्हा संसर्ग घेते. दोघांनी एकाच काळात औषध घ्यायचे, ते पूर्ण होऊन डॉक्टर सांगतील तितके दिवस संबंध टाळायचे, आणि नंतर निरोध वापरायचा.

शाळेत काय करता येईल

पाळीची माहिती देताना नेहमीच्या स्रावाची माहितीही द्यावी. दोन-तीन वाक्ये पुरतात. मुलग्यांना स्वप्नावस्थेची माहिती तितकीच सरळ शब्दांत द्यावी. 'गुप्तरोग' हा शब्द शक्यतो टाळावा. जो रोग गुप्त ठेवायचा, त्याचा उपचार उघडपणे कसा होणार? मुलांना दवाखान्याची वाट दाखवावी. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये या आजारांवर गुप्तता पाळून विनामूल्य उपचार मिळतात. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिकची सोयही आहे.

एक प्रसंग मात्र नाजूक आहे. लहान मुलीच्या किंवा मुलाच्या बाबतीत असा स्राव कळला तर? लहान मुलींमध्ये जंत, अस्वच्छता किंवा आत अडकलेली एखादी वस्तू हीही कारणे असतात. म्हणून लगेच तर्क लढवू नयेत. मुलाला खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत. डॉक्टरांकडे लवकर पोहोचवावे. लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर मात्र गप्प राहण्याची मुभा शिक्षकांना नाही. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. १०९८ या क्रमांकावर मदत मिळते.

त्या तीन चिठ्ठ्या

त्या दिवशी वेळ थोडा होता आणि आम्ही दिलेली उत्तरे अपुरी होती. ती येथे पूर्ण करतो.

नववीतल्या मुलीला : हाडे झिजत नाहीत. पांढरे, बिनवासाचे, खाज नसलेले पाणी हे तू वाढत असल्याचे चिन्ह आहे. त्यात बदल झाला तर आईला किंवा बाईंना सांग आणि डॉक्टरांकडे जा. थकवा वाटत असेल तर रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घे. आणि हे आजीलाही सांग. तिलाही कोणी कधी सांगितले नसेल.

अकरावीतल्या मुलाला : झोपेत जाते ते वीर्य. शरीर ते सतत तयार करत असते. हा रोग नाही आणि त्याने अशक्तपणा येत नाही. पू येत असेल, जळजळ होत असेल, तर तो वेगळा विषय, आणि त्यासाठी सरकारी दवाखाना आहे, भिंतीवरचा पत्ता नव्हे.

शिक्षिकेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. तिच्या मनात संशय शिरला होता आणि विचारायला कोणी नव्हते. तिला आम्ही असे सांगू : यजमानांना दिलेल्या गोळ्या हा त्यांच्याविरुद्धचा निकाल नाही. लक्षणांवरून उपचार करताना नेमका जंतू ठाऊक नसतो, म्हणून खबरदारी घेतली जाते. तुमचा त्रास बुरशीचा किंवा बिघडलेल्या तोलाचा असू शकतो. त्या दोन्हींत पूर्वापार नवऱ्याला औषध देत नसत. अलीकडे, २०२५ मध्ये, ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात मात्र दिसले, की तोल वारंवार बिघडत असेल तर पुरुष जोडीदारावर उपचार केल्याने तो पुन्हा बिघडण्याचे प्रमाण बरेच घटते. म्हणजे यात दोघांमधली जंतूंची देवाणघेवाण असते, पण त्यावरून तिसऱ्या माणसाचा पुरावा मिळत नाही. तपासणीत ट्रायकोमोनास किंवा क्लॅमिडिया सापडला, तर तो लैंगिक संबंधातून आलेला असतो. पण हे संसर्ग महिनोन्‌महिने, कधी त्याहून जास्त काळ, काही न जाणवता राहू शकतात. तो केव्हा आला आणि आधी कोणाला झाला, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा : काय सापडले, की अंदाजाने औषध दिले आहे? शक्य असेल तर तपासणी करून घ्या. आणि गोळ्या दोघांनीही पूर्ण घ्या. त्याबद्दल घरात काय बोलायचे ते त्यानंतर तुम्ही ठरवा.